क्लबच्या गर्दीत बारवर ऑर्डर कशी द्यायची आणि टिप कधी, किती, कुणाच्या हातात ठेवायची

शनिवार, रात्रीचे पावणेबारा. काउंटरसमोर माणसांचे तीन थर. आत आम्ही दोघं बारटेंडर आणि बर्फाच्या बादल्या वाहणारा एक बारबॅक. समोर पंधरा-वीस हात वर. एकजण पाचशेची नोट हलवतोय, दुसरा चुटक्या वाजवतोय, तिसरा काउंटरवर अर्धा आडवा होऊन "भाई, ओ भाई" करतोय. त्याच गर्दीत उजव्या कोपऱ्यात एक मुलगी उभी आहे. एक हात काउंटरवर, हाताखाली कार्ड, नजर माझ्याकडे. मी तिच्याकडे वळतो आणि ती एका दमात सांगते, "दादा, ओल्ड मंक साठ, कोकसोबत, दोन. आणि किंगफिशर पाइंट तीन." मिनिटभरात तिचं काम होतं.

नोटवाल्याकडे मी त्यानंतर जातो. तो मागे वळून मित्रांना ओरडून विचारतो, "काय घेणार रे सगळे?" माझ्या दृष्टीने त्याचा नंबर तिथेच संपतो.

मी पुण्यात आणि मुंबईत काही वर्षं काउंटरच्या आत उभा राहिलो. लोक त्याच त्या चुका करतात, अर्धी रात्र ताटकळतात, चिडतात, आणि शेवटी टिपही अशा वेळी, अशा पद्धतीने ठेवतात की ती हव्या त्या माणसाला मिळतच नाही. म्हणून हे पहिल्यापासून, क्रमाने लिहून काढतो आहे. हे बारवर उभं राहून ऑर्डर देणाऱ्यांसाठी आहे. टेबल घेऊन बसणार असाल तर तुमचा संबंध वेटर आणि कॅप्टनशी येतो. रकमा मुंबई, पुणे, गोव्यातल्या क्लबच्या हिशेबाने दिल्या आहेत. परदेशातल्यांसाठी मधे एक वेगळा भाग आहे.

## १. घरून निघण्यापूर्वी

बारवरचा निम्मा वेळ घरच्या तयारीअभावी जातो. एवढी कामं आधी उरका.

ओळखपत्र. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात; व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांसाठी २५. पुण्यात मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर दारावरची तपासणी कडक झाली आहे. सोबत २३ वर्षांचा मित्र असेल तर त्याची ऑर्डर बीअरचीच ठेवा. "माझ्या नावावर दे ना" असं बारटेंडरला सांगू नका. त्याची नोकरी आणि बारचा परवाना, दोन्ही त्या एका ग्लासावर टांगलेलं असतं.

सुटे पैसे. शंभराच्या सहा-सात नोटा आणि पन्नासच्या तीन-चार. एटीएम बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा हातात ठेवतं, म्हणून त्या संध्याकाळीच किराणा दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मोडून घ्या. रात्री बाराला बारच्या गल्ल्यात सुटे नसतात. खिशात फक्त पाचशेची नोट असली की माणूस एक तर पाचशे देतो नाहीतर काहीच देत नाही, आणि बहुतेकजण काहीच देत नाहीत.

कार्ड. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे देता येतात, पण बँकेच्या ॲपमध्ये ती सोय सुरू असावी लागते. घरीच पाहून घ्या. अनेक क्लब तळघरात किंवा मॉलच्या पोटात असतात आणि तिथे नेटवर्क मरतं. मग यूपीआयचं चक्र फिरत राहतं, मागचे लोक शिव्या घालतात आणि बारटेंडर मशीन हातात धरून अडकून पडतो.

काँट्री आधी काढा. सहाजणांचा ग्रुप असेल तर घरून निघताना किंवा गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांचे पैसे एकाकडे जमा करा. बारवर जाणारा तो एकच. सहाजण सहा वेळा गर्दीत घुसले तर सहाही जण तहानलेलेच राहतात.

पोट आणि परतीची सोय. निघण्यापूर्वी नीट जेवा. गाडी चालवणार नाही हे घरीच ठरवा आणि चालक किंवा कॅब बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन पेग झाल्यावर घेतलेला निर्णय बरोबर नसतो, म्हणून तो आधी घ्या.

> निघताना तपासा: ओळखपत्र, सुटे पैसे, टॅप चालणारं कार्ड, जमा झालेली काँट्री, परतीची सोय. आणि आज ड्राय डे नाही ना? २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर लोकांच्या लक्षात असतात. मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास मात्र विसरले जातात.

## २. दारावर तीन प्रश्न विचारा

कव्हर चार्ज देऊन लोक सरळ आत पळतात आणि इथेच पहिली मोठी चूक होते. पैसे देतानाच विचारा:

१. कव्हर पूर्ण रिडीम होतं का? म्हणजे भरलेल्या रकमेचं पेय आणि खाणं मिळतं की नुसते प्रवेशाचे पैसे आहेत? काही ठिकाणी निम्मी रक्कमच वापरता येते.

२. आत पैसे कसे चालतात? पद्धती साधारण तीन आहेत. एक, कूपन: आधी कॅश काउंटरवर पैसे भरा, चिठ्ठी घ्या, ती बारवर द्या. दोन, कार्ड किंवा मनगटावरचा पट्टा: दारावर पैसे भरायचे, बारवर ते वजा होत जातात. तीन, सरळ बारवरच पैसे.

३. उरलेली शिल्लक परत मिळते का आणि किती वाजेपर्यंत?

कूपनची पद्धत असलेल्या क्लबमध्ये रोज रात्री मी हे पाहायचो: माणूस वीस मिनिटं धक्के खात काउंटरपर्यंत पोचतो, ऑर्डर सांगतो आणि मी म्हणतो, "सर, कूपन?" त्याचा चेहरा उतरतो. मलाही वाईट वाटायचं, पण चिठ्ठीशिवाय बाटली उघडणं माझ्या हातात नसायचं.

> सावधान: कव्हरचे पैसे म्हणजे टिप नव्हे. त्यातला एक रुपयाही बारटेंडरच्या हातात आपोआप जात नाही.

## ३. आधी दोन मिनिटं नुसतं बघा

आत शिरल्या शिरल्या जवळच्या बारकडे धावू नका. मोठ्या क्लबमध्ये दोन-तीन बार असतात. डान्स फ्लोअरला लागून असलेल्या बारवर सगळ्यात जास्त गर्दी असते. गच्चीवरचा किंवा मागच्या बाजूचा बार त्याच वेळी निम्मा रिकामा असतो, आणि तिथे चालत जायला एखाद-दुसरं मिनिट लागतं.

बार ठरला की जागा ठरवा. काउंटरच्या आत नीट पाहिलंत तर तीन ठिकाणं वेगळी ओळखता येतात.

जिथे ट्रे घेऊन वेटर उभे असतात आणि खिळ्यावर चिठ्ठ्या अडकवलेल्या असतात, ती टेबलांच्या ऑर्डरची जागा. तिथला बारटेंडर मान वर करत नाही, कारण त्याच्यापुढे चिठ्ठ्यांचा ढीग असतो. लोक तिथेच जाऊन उभे राहतात, कारण तिथे ग्लास भरले जाताना दिसतात. तिथे उभं राहू नका.

सिंक आणि ग्लास धुण्याची जागा बारबॅकची. तो ऑर्डर घेत नाही.

बर्फाचा हौद आणि त्याच्या कडेला ओळीने लावलेल्या नेहमीच्या बाटल्या जिथे आहेत, ती काउंटरवरच्या गिऱ्हाइकांसाठी काम करणाऱ्या बारटेंडरची जागा. तो दर मिनिटाला तिथे परत येतो. त्याच्या समोर किंवा तिथून हातभर बाजूला उभे राहा. पैसे घ्यायचं मशीन जवळ असेल तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना आवडणारं गाणं लागलं की बारसमोरची गर्दी फ्लोअरवर पळते आणि दीड-दोन मिनिटं काउंटर मोकळा होतो. गाण्याचा भर ओसरला की तीच गर्दी उलटी बारवर येते. तुम्ही जायचं ते गाणं सुरू होताना.

## ४. गर्दीत शिरण्याआधी ऑर्डर ठरवा

हा टप्पा बहुतेकजण गाळतात आणि सगळा उशीर इथूनच सुरू होतो.

बारटेंडरला प्रत्येक पेयाबद्दल चार गोष्टी लागतात: ब्रँड, माप, सोबत काय, किती. "व्हिस्की दे" ही ऑर्डर नव्हे. कुठली व्हिस्की? तीस की साठ? सोडा, पाणी की नुसता बर्फ? एका पेयामागे तीन उलटे प्रश्न, तेही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. तीस मिलिलिटर म्हणजे स्मॉल, साठ म्हणजे लार्ज. माप सांगितलं नाहीत तर बऱ्याच ठिकाणी साठच धरतात आणि बिलावरून वाद होतो.

नीट ऑर्डर अशी असते: "ओल्ड मंक साठ, कोक, दोन. जिन तीस, टॉनिक, एक. पाइंट तीन. पाणी दोन." जिनचा ब्रँडही मनात ठरलेला असू द्या, आणि तो नसेल तर दुसरा कुठला चालेल तेही. रात्री बारानंतर हमखास काहीतरी संपतं. भारतात पाइंट म्हणजे ३३० मिलिलिटरची छोटी बाटली. परदेशातून आलेले मित्र मोठा ग्लास समजून बसतात, त्यांना आधीच सांगा.

आता गर्दीच्या वेळी काय मागवावं. बीअर, रम-कोक, जिन-टॉनिक, व्हिस्की-सोडा ही झटपट होणारी कामं. मोहितो म्हणजे पुदिना कुटा, लिंबू पिळा, बर्फ भरा. एलआयआयटी (लाँग आयलंड आइस्ड टी) म्हणजे एका ग्लासासाठी पाच बाटल्या उचला, पाच वेळा मापा. बाराच्या सुमारास तुम्ही चार मोहितो मागवलेत तर मागचे दहाजण थांबतात आणि तुमचे मोहितोही घाईत बनलेले, पुदिना नुसता चुरडलेला, असे मिळतात. कॉकटेलची आवड असेल तर दहा-साडेदहाला प्या. त्या वेळी बारटेंडरला हात चालवायला आवडतं, तो तुमच्याशी दोन शब्द बोलतो आणि पेयही मनापासून करतो.

एखादं वेळखाऊ पेय हवंच असेल तर ते ऑर्डरमध्ये पहिलं सांगा. ते शेवटी आठवलं की बाकीची पेयं काउंटरवर उभी राहतात आणि त्यातला बर्फ वितळतो.

> तपासा: पूर्ण ऑर्डर न अडखळता दहा सेकंदांत म्हणता येते का? येत नसेल तर मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. आवाज फार असेल तर तो स्क्रीनच दाखवा.

## ५. काउंटरवर कसं उभं राहायचं

काउंटरला पोट टेकेल इतके पुढे जा. तिथून एक हात काउंटरवर, हाताखाली कार्ड किंवा कूपन, दिसेल असं. चेहरा बारटेंडरकडे. एवढं पुरतं. तयार गिऱ्हाईक आम्हाला लांबून ओळखू येतं. फोनमध्ये बघणारा, मागे वळून गप्पा मारणारा माणूस "अजून तयार नाही" असं आम्ही धरतो आणि पुढच्याकडे जातो.

नजरानजर झाली की हलकेच मान हलवा. बारटेंडरने बोट वर केलं किंवा हनुवटीने खूण केली तर त्याचा अर्थ "पाहिलंय, येतो" असा असतो. मग पुन्हा हाक मारू नका.

हे अजिबात करू नका:

- चुटकी, शिट्टी, टाळी. हातात काचेचा ग्लास आणि डोक्यात सहा ऑर्डर असताना कुणी चुटकी वाजवली की हात थांबतो आणि ती व्यक्ती मनातल्या यादीत शेवटी जाते.
- नोट हलवणं. पैसे सगळ्यांकडेच आहेत, म्हणूनच सगळे तिथे उभे आहेत.
- काउंटरच्या आत वाकणं, स्ट्रॉ किंवा लिंबाच्या फोडी स्वतः उचलणं. त्या फोडींना हात लागला की अख्खा डबा टाकून द्यावा लागतो.
- ग्रुपमधल्या मुलीला "तू जा, तुला लवकर देतील" म्हणून पुढे ढकलणं. तिला त्या गर्दीत धक्के खावे लागतात, आणि तिने स्वतःहून जायचं ठरवलेलं नसतं. हे मी खूप पाहिलं आहे आणि दर वेळी मला ते खटकलं आहे.

तुमच्या आधीपासून कुणी उभं असेल आणि बारटेंडर चुकून तुमच्याकडे वळला, तर हाताने त्यांच्याकडे दाखवा, "आधी हे." यात तुमचं मिनिटभर जातं. पण असं करणारा माणूस रात्रभर लक्षात राहतो. मी स्वतः अशा लोकांकडे पुढच्या खेपेला आपणहून वळलो आहे.

दहा मिनिटं झाली आणि तरीही नंबर येत नसेल तर आवाज चढवू नका. जागा चुकली असण्याची शक्यता जास्त. दोन पावलं बर्फाच्या हौदाकडे सरका, नाहीतर दुसऱ्या बारवर जा.

## ६. ऑर्डर, पैसे, ग्लास: याच क्रमाने

नंबर आला की सगळी ऑर्डर एकदम सांगा. एक सांगायची, तो घेऊन आला की दुसरी, मग "अरे हां, एक रेडबुल पण" असं केलं की त्याला त्याच फ्रिजपर्यंत तीन चकरा होतात. आकडा बोटांनी दाखवा. "दोन" आणि "दहा" गोंगाटात सारखेच ऐकू येतात.

किंचाळू नका. थोडं पुढे वाकून, आवाज जाड ठेवून, शब्द तोडून बोला. तो ओठ वाचतो. संबोधन साधं ठेवा: "दादा" चालतं, बारटेंडर मुलगी असेल तर "ताई" चालतं. "ए" आणि "ओय" नको. नावाची पट्टी लावलेली असेल तर नावाने हाक मारा. शंभर "भाई"मध्ये आपलं नाव कानावर आलं की मान आपोआप वळते.

तो पेयं बनवत असतानाच कार्ड काढून ठेवा. मापाकडे नजर ठेवली तरी त्याला राग येत नाही, उलट उघड मापाने ओतणाऱ्याला त्यात बरंच वाटतं. बिल आलं की ब्रँड आणि माप तिथेच वाचा. चुकीचं पेय आलं असेल तर घोट घेण्याआधी सांगा: "दादा, हे टॉनिक आहे, मी सोडा म्हटलं होतं." अर्धा ग्लास संपवून आलेल्या तक्रारीवर आम्हाला काही करता येत नाही.

> सावधान: ग्लास बारटेंडरच्या हातून थेट तुमच्या हातात घ्या. अनोळखी माणसाने पुढे केलेला ग्लास घेऊ नका, आणि नाचायला जाताना ग्लास टेबलवर सोडला असेल तर परत येऊन तो पिऊ नका. नवीन घ्या.

## ७. टिप: किती, कधी, कुणाला

आधी बिल वाचा. दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो. हा कर सरकारला जातो. "एवढं बिल झालं, आणखी टिप कशाला" असं म्हणणारे बरेचजण कर आणि टिप यांची गल्लत करतात.

मग सर्व्हिस चार्जची ओळ शोधा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून तो बिलात परस्पर लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात ती कायम ठेवली. तो देणं तुमच्या मर्जीवर आहे. काढायला सांगू शकता. माझं मत असं: काढायला सांगितलात तर त्यातले काही पैसे स्वतःच्या हाताने बारवरच्या लोकांना द्या. ठेवलात तर टिप थोडी कमी दिली तरी चालेल, पण पूर्ण टाळू नका. तो चार्ज कामगारांत कसा वाटला जातो, हे ठिकाणागणिक बदलतं.

किती. मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा हा हिशेब ठेवतो. एखाद-दुसरी बीअर किंवा पेग असेल तर २० ते ५० रुपये. चार-पाच ग्लासांचा राउंड असेल तर १०० ते २००. कॉकटेल असेल तर ग्लासामागे ५०. रात्रभराचं मिळून बिलाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास जातं. नाणी देऊ नका.

कधी. पहिल्या राउंडलाच. सगळे नेमकं इथे चुकतात. रात्री दीडला निघताना पाचशे ठेवणारा माणूस मनाने चांगला असतो, पण तोपर्यंत बारटेंडरने त्याला ओळखलेलंच नसतं, आणि पुष्कळदा त्या वेळी काउंटरवर दुसराच कुणी उभा असतो. पहिल्या राउंडला शंभर, मग मधल्या राउंडना पन्नास-पन्नास, हे जास्त उपयोगी आहे आणि त्यात पैसेही जास्त जात नाहीत.

तरी टिप पुढे करून रांग मोडायला बघू नका. क्रम असा: पेयं आली, बिल दिलं, मग टिप. आधी दाखवलेली नोट लाच वाटते आणि समोरच्याला चारचौघांत अवघडायला होतं.

कशी. नोट दुमडून त्याच्या हातात द्या किंवा तो बघत असताना टिपच्या डब्यात टाका, आणि म्हणा, "दादा, हे तुमच्यासाठी." काउंटरवर ग्लासाखाली ठेवू नका. तो काउंटर सतत ओला असतो. नोट भिजते, फडक्याबरोबर पुसली जाते किंवा शेजारच्या गिऱ्हाइकाच्या खिशात जाते. मी एका रात्री तीन ओल्या शंभरच्या नोटा लिंबाच्या साली आणि स्ट्रॉबरोबर कचऱ्याच्या बादलीतून काढल्या होत्या. कुणी दिल्या, कुणासाठी दिल्या, काहीच कळलं नाही.

कार्डवर किंवा यूपीआयवर वाढवून दिलेली रक्कम क्लबच्या खात्यात जाते. ती कामगारापर्यंत कधी आणि किती पोचते, हे मालकावर अवलंबून. म्हणूनच सुट्या नोटा. त्या नसतीलच तर विचारा, "टिप कुठे द्यायची?" बऱ्याच ठिकाणी टिपचा डबा सगळ्यांत मिळून वाटला जातो आणि बर्फ वाहणाऱ्या, ग्लास धुणाऱ्या मुलालाही त्यातून मिळतं. डबा दिसला तर त्यातच टाका.

टिपच्या बदल्यात काय मागू नये. "दादा, हात जरा सैल सोडा." हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे, आणि म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नसतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत तीसचे बरोबर पंचवीस पेग बसतात. बार बंद झाला की प्रत्येक बाटली मोजतात आणि विकलेल्या पेगांशी ताळा करतात. सांडलवंडीची थोडी सूट असते. त्यापलीकडे कमी भरलं तर ते पैसे कुणीतरी भरतं. एका ठिकाणी महिन्याअखेर माझ्या पगारातून दोन बाटल्यांची किंमत कापली गेली. मी कुणाला एक थेंब जास्त दिला नव्हता. दुसऱ्या पाळीतल्या मुलाने ओळखीच्यांना सढळ हाताने ओतलं होतं आणि तूट आम्हा सगळ्यांवर वाटली गेली. तुमच्या शंभराच्या टिपच्या बदल्यात मागितलेला तो दहा मिलिलिटरचा जास्तीचा थेंब त्या शंभरापेक्षा महाग पडू शकतो.

टिपच्या बदल्यात मिळतं ते एवढंच: तुमचा चेहरा लक्षात राहतो, पुढच्या वेळी नजर लवकर पडते, आणि पाणी मागितलंत तर लगेच मिळतं.

### परदेशात असाल तर

अमेरिकेत हिशेब वेगळा आहे. तिथे टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे. काही राज्यांत ते जास्त आहे, पण बारटेंडरची कमाई बरीचशी टिपवरच उभी असते. बीअरला एक डॉलर, कॉकटेलला दोन, आणि टॅब (रात्रभराचं एकत्र बिल) उघडला असेल तर शेवटी १८ ते २० टक्के. नव्याने गेलेली आपली मुलं इथे संकोचतात किंवा भारतातला हिशेब लावतात. पुढच्या राउंडला नंबर मागे का पडतो, हे मग त्यांना कळत नाही.

ब्रिटनमधल्या पबमध्ये काउंटरवर टिप अपेक्षित नसते. खूश असाल तर "आणि एक तुमच्यासाठी" म्हणून एका पेयाचे पैसे जास्त देण्याची रीत आहे. टिप पूर्णपणे कामगारांनाच मिळाली पाहिजे, असा कायदा तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. जर्मनीत रक्कम वरच्या आकड्याला पूर्ण करून देतात. जपानमध्ये टिप देऊ नका. कर्मचारी नोट परत करायला मागे धावत येतात.

## ८. दुसरा राउंड

त्याच बारवर, त्याच बारटेंडरकडे, त्याच जागी. ग्लास पूर्ण रिकामे व्हायच्या आत जा, म्हणजे वाट बघताना चिडचिड होत नाही. जाताना रिकामे ग्लास घेऊन जा आणि काउंटरच्या कडेला ठेवा. गर्दीत ग्लास संपणं ही आमची सगळ्यात मोठी अडचण असते.

"तेच रिपीट" एवढंच म्हणू नका. तासाभरात त्याने शे-दीडशे ग्लास भरलेले असतात. ऑर्डर पुन्हा पूर्ण सांगा. प्रत्येक राउंडसोबत पाणीही मागवा, आणि ग्रुपमध्ये कुणाची जीभ जड होऊ लागली असेल तर त्याचा पेग यादीतून गुपचूप वगळा. बारटेंडरने एखाद्याला द्यायला नकार दिला तर हुज्जत घालू नका. तो त्या माणसाला तुमच्यापेक्षा शांत डोक्याने बघत असतो.

## ९. लास्ट ऑर्डर आणि निघणं

मुंबई-पुण्यात रात्री दीडला बंद करावं लागतं, म्हणजे लास्ट ऑर्डर त्याच्या बरीच आधी होते. शेवटच्या दहा मिनिटांत काउंटरवर जी झुंबड उडते त्यात निम्म्या लोकांना काहीच मिळत नाही. तुमची शेवटची ऑर्डर साडेबाराच्या आसपास उरका. त्या वेळी एकदम तीन-तीन पेग घेऊन ठेवू नका. ते संपत नाहीत, आणि संपवायच्या नादात माणूस पडतो.

मग या क्रमाने:

१. कार्डवरची किंवा पट्ट्यावरची शिल्लक विचारा. परत मिळत असेल तर रांग लागायच्या आधी घ्या. मिळत नसेल तर पाण्याच्या बाटल्या आणि खाणं घ्या.

२. टॅबसाठी कार्ड ठेवलं असेल तर ते परत घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. शनिवारी रात्री बारच्या खणात एकाच बँकेची, एकाच रंगाची पाच-सहा कार्डं असतात.

३. रात्रभर तुम्हाला देणाऱ्याला शेवटचे पन्नास-शंभर, हातात. डबा नसेल तर एक नोट बारबॅकला वेगळी द्या. सिंकच्या बाजूला, कोपरापर्यंत ओले हात घेऊन जो मुलगा उभा असतो, तोच तो.

४. गाडीची चावी सोबत आणली असेल तर ती न प्यायलेल्या मित्राकडे किंवा चालकाकडे द्या, आणि कॅब दारातून बाहेर पडण्यापूर्वी, नेटवर्क मिळेल अशा जागी उभं राहून बोलवा. दीडला सगळे एकदम बाहेर येतात आणि तेव्हा अर्धा-पाऊण तास गाडी मिळत नाही.